मैत्रिणीच्या लग्नाचा केक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेली पाच वर्षे मी घरी हौसेने केक करते. एका जिवलग मैत्रिणीने आपल्या लग्नाचा केक मीच करावा असा हट्ट धरला आणि मीही उत्साहाच्या भरात होकार देऊन बसले. पाहुणे 100 च्या घरात असतील, तिला तीन मजली केक हवा आहे आणि हाताशी दहा आठवडे आहेत. आजवर मी 8 इंचांपेक्षा मोठा केक केलेला नाही. हे मला झेपेल का?

उत्तर : झेपेल, पण सगळे लक्ष चवीवर आणि नक्षीवर लावू नका. तुमच्या हाताला चव आहे हे मैत्रिणीने ओळखले आहेच. आता विचार करायचा तो वजनाचा आणि वेळेचा.

आधी हिशेब करू. गोल केकचा आकार व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. त्यामुळे 10 इंची केक 8 इंचीपेक्षा थोडासा नव्हे, तर दीडपटीहून अधिक मोठा असतो. 6, 8 आणि 10 इंचांचे तीन मजले मिळून तुमच्या नेहमीच्या 8 इंची केकच्या तिपटीहून थोडे जास्त मिश्रण लागेल. एवढे मिश्रण एकदम फेटून ठेवण्याचा मोह टाळा, कारण ओली झालेली बेकिंग पावडर ओव्हन रिकामा होण्याची वाट पाहत नाही. जेवढे टिन एका वेळी ओव्हनमध्ये मावतील तेवढेच मिश्रण करावे. 10 इंची केकच्या कडा मध्यभागाच्या कितीतरी आधी भाजून कोरड्या पडतात; म्हणून तापमान नेहमीपेक्षा 10 ते 15 अंश सेल्सिअसने कमी ठेवावे, टिनच्या बाहेरून ओल्या जाड कापडाची पट्टी गुंडाळावी आणि एकच उंच केक भाजून तो कापण्याऐवजी दोन उथळ थर वेगवेगळे भाजावेत.

लग्नाच्या केकचा तुकडा छोटा, म्हणजे 1 इंच रुंद आणि 2 इंच लांब धरतात. त्या मापाने तीन मजल्यांचे अनुक्रमे 12, 24 आणि 38 असे एकूण 74 तुकडे होतात. म्हणजे तीन मजले करूनही 100 पाहुण्यांना केक पुरणारच नाही! तुमच्या जागी मी असते तर 6 आणि 8 इंचांचा दोनच मजल्यांचा केक समारंभासाठी सजवला असता आणि त्याच चवीचे, वरून साधे क्रीम लावलेले 9 बाय 13 इंचांचे दोन चौकोनी केक आत स्वयंपाकघरात कापायला ठेवले असते. अशा एका केकचे सुमारे 50 तुकडे होतात. ताटलीत आलेला तुकडा कोणत्या केकचा आहे हे कोणालाही कळत नाही. मैत्रीण तीन मजल्यांवर अडून बसली, तर चौकोनी केक एकच पुरेल, पण तो लागेलच.

आता वजन. तीन मजली केक सहज 8 ते 10 किलोंचा होतो आणि स्पंज हा काही भार पेलणारा पदार्थ नव्हे. वरच्या मजल्याचे वजन खालच्या केकवर नव्हे, तर त्यात रोवलेल्या डॉवेलवर, म्हणजे आधाराच्या काड्यांवर, पडले पाहिजे. प्रत्येक मजल्याखाली त्याच्याच व्यासाचा केक बोर्ड हवा. 8 इंची मजल्यात 4 किंवा 5 डॉवेल, 10 इंचीत 6, आणि ते सगळे वरच्या बोर्डच्या परिघाच्या आत रोवलेले. पहिला डॉवेल केकमध्ये तळापर्यंत घालून क्रीमच्या पातळीवर खूण करावी, तो बाहेर काढून कापावा आणि बाकीचे सगळे त्याच्याच मापाने कापावेत. मी पहिल्या खेपेला प्रत्येक डॉवेल वेगवेगळा मोजला होता. उंचीत जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक पडला आणि संध्याकाळपर्यंत वरचा मजला एखाद्या तिरक्या टोपीसारखा कलला. छायाचित्रकाराने कौशल्याने कोन निवडला म्हणून माझी अब्रू राहिली.

वेळेबाबत म्हणाल, तर स्पंजचे थर पूर्ण गार झाल्यावर प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून दोन आठवडे आधीही फ्रीझरमध्ये ठेवता येतात. ते गुंडाळलेल्या अवस्थेतच वितळू द्यावेत, म्हणजे दव प्लास्टिकवर धरते, केकवर नाही. दोन दिवस आधी थरांमध्ये सारण भरून क्रीमचा पहिला पातळ हात, म्हणजे क्रम्ब कोट, द्यावा. आदल्या दिवशी शेवटचा हात द्यावा. आणि मजले समारंभाच्या जागी नेऊनच एकावर एक चढवावेत. दहा आठवड्यांपैकी एक रविवार मात्र रंगीत तालमीसाठी राखून ठेवा. दोन मजले खरोखर रचा, गाडीतून अर्धा तास फिरवून आणा आणि मगच मैत्रिणीला अंतिम शब्द द्या.

प्रश्न : मित्राच्या साखरपुड्यासाठी मी बटरक्रीमचा केक केला होता. घरून निघताना तो देखणा होता, पण मांडवात तासाभरातच क्रीम ओघळू लागले. आता त्याच मित्राच्या लग्नाचा केक माझ्याकडे आला आहे आणि समारंभ पुन्हा उघड्यावरच आहे. फाँडंट, म्हणजे केकवर चढवायचे साखरेचे लवचिक आवरण, लावले तर प्रश्न सुटेल का?

उत्तर : फाँडंट हा अंगरखा आहे. आत वितळणारे क्रीम असेल तर अंगरखाही त्याच्याबरोबर घसरतो. शिवाय फ्रिजमधून काढलेल्या फाँडंटवर दमट हवेत दव धरते आणि ते चिकट होऊन चमकू लागते.

मूळ कारण लोण्याच्या स्वभावात आहे. साधारण 20 अंशांच्या पुढे ते मऊ पडत जाते आणि 32 ते 35 अंशांच्या दरम्यान वितळते. त्यामुळे उन्हाळी दुपारच्या मांडवात कितीही कुशल हाताने लावलेले निव्वळ लोण्याचे क्रीम तग धरणार नाही. उष्ण हवेत मला सर्वांत भरवशाचे वाटते ते डार्क चॉकलेटचे गनाश : वजनाने दोन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम. ते रात्रभर ठेवून घट्ट झाल्यावर लावले की केकभोवती टणक कवच तयार होते. पांढऱ्या चॉकलेटचे करायचे असेल तर तीन भाग चॉकलेट घ्यावे लागते. मित्राला बटरक्रीमच हवे असेल, तर लोण्याचा काही भाग बदलून वनस्पती शॉर्टनिंग, म्हणजे वनस्पती तेलापासून केलेले घट्ट तूप, घालता येते. चव थोडी उतरते हे खरे, पण क्रीम अधिक काळ टिकते. फेटलेल्या दुधाच्या सायीचे क्रीम मात्र उघड्यावर नेऊच नका.

केक गाडीत नेताना तो आसनावर ठेवू नये, कारण आसन उतरते असते. डिकीच्या सपाट तळाशी न घसरणारी रबरी जाळी अंथरून त्यावर ठेवावा. मांडवात तो शक्य तितका उशिरा, सावलीतल्या टेबलावर मांडावा. मात्र फ्रिजमधून काढल्याबरोबर कापायलाही देऊ नका. लोण्याचा केक थंड असताना घट्ट आणि कोरडा लागतो, त्याला मऊ पडायला दोन तास तरी हवेत.

प्रश्न : मैत्रीण सामानाचे पैसे देऊ करते आहे. घ्यावेत का?

उत्तर : केक ही तुमची लग्नभेट असेल तर घेऊ नका आणि तसे तिला आजच सांगा, म्हणजे ती वेगळ्या भेटीची अपेक्षा ठेवणार नाही. भेट नसेल तर सामानाचा खर्च निःसंकोच घ्या. संकोचाने गप्प राहणे हा पर्याय मात्र मला सर्वांत वाईट वाटतो.

प्रश्न : सजावटीला ताजी फुले वापरायची आहेत. काय जपावे?

उत्तर : कण्हेर, हायड्रेंजिया आणि लिली ऑफ द व्हॅली ही दिसायला सुंदर पण विषारी फुले केकजवळही आणू नयेत. गुलाब चालतात, पण फुलवाल्याकडच्या फुलांवर बहुधा औषध फवारलेले असते. म्हणून खाण्यासाठी म्हणून वाढवलेली, न फवारलेली फुले मिळतात का ते पाहावे. मिळाली नाहीत तर फुले केकला लागू न देता, भोवतीच्या थाळीत ठेवावीत. देठ थेट केकमध्ये खुपसू नयेत. जाडसर स्ट्रॉमध्ये बसवून मग स्ट्रॉ केकमध्ये रोवावी. या स्ट्रॉ आणि आतले डॉवेल किती आहेत ते एका चिठ्ठीवर लिहून केक कापणाऱ्याच्या हाती द्या आणि तुकडे वाढण्यापूर्वी त्याने ते सगळे मोजून काढल्याची खात्री करून घ्या.