सातव्या महिन्यात शुगर निघाली, त्याने बाळाचं वजन जास्त वाढतं का?

हो, वाढू शकतं. ‘बाळ गुटगुटीत असेल तर चांगलंच’ असं तुमच्या सासूबाई म्हणतात, ते मायेपोटी असलं तरी इथे लागू पडत नाही. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंडच जास्त इन्सुलिन तयार करतं आणि जादा साखरेची चरबी होते, खांद्यांवर नि पोटावर जास्त. त्यामुळे बाळंतपणात खांदा अडकू शकतो. शिवाय नाळ कापल्यावर आईकडची साखर थांबते, बाळाचं इन्सुलिन मात्र चढलेलंच असतं. म्हणून पहिल्या काही तासांत त्याची शुगर घसरू शकते. दूध लवकर पाजायचं ते यासाठीच.

अजून हातात वेळ आहे, घाबरू नका. साधारण उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत शुगर हवी. आपल्या सोलापुरात ज्वारीची भाकरी घरोघरी असते, पण ‘भाकरीने शुगर वाढत नाही’ हा गैरसमज आहे. एका वेळी एकच भाकरी, सोबत वाटीभर उसळ, काकडी, चमचाभर शेंगाचटणी. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला, उन्हाळ्यात घरातल्या घरात. उपाशी मात्र राहू नका.

तरी आकडे उतरले नाहीत आणि डॉक्टरांनी इन्सुलिन दिलं, तर कृपा करून टाळू नका. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी शुगर पुन्हा तपासून घ्या.