'व्हिसिसिट्यूड'चं मूळ शोधताय? मग एवढं सांभाळा

शब्दांची मुळं शोधायला सुरुवात करताना पहिल्याच फटक्यात 'व्हिसिसिट्यूड' (vicissitude) हा चांगला इंग्रजी शब्द उचललात! अर्थ नशिबाचे चढउतार, दिवस पालटणं. इंग्रजीत तो बहुधा अनेकवचनात भेटतो: व्हिसिसिट्यूड्स. नवशिके त्याचा अर्थ सरळ 'संकट' असा लावतात. वापरात कल वाईट दिवसांकडे असतो हे खरं, पण गाभा बदलाचाच आहे.

मूळ लॅटिन. 'विकिस' म्हणजे पाळी, बदल. त्यावरून 'विकिस्सिम', म्हणजे आळीपाळीने. आणि त्यावरून 'विकिस्सितूदो'. इंग्रजीत तो 16व्या शतकात आला. आळीपाळीची ही छटा पकडलीत की शब्द विसरणार नाही.

सुरुवातीला दोनच पथ्यं:

- भावंडं शोधा. व्हाइस व्हर्सा, व्हाइस प्रेसिडेंटमधला व्हाइस (दुसऱ्याच्या जागी असलेला) आणि चर्चमधला व्हिकार (एक धर्मगुरू), सगळे याच घरातले.
- नुसत्या उच्चारावरून नातं जोडू नका. सगळे इथेच घसरतात! दुर्गुण या अर्थाचा व्हाइस 'वितियुम' या वेगळ्याच लॅटिन शब्दावरून आलाय, त्याचा इथे काही संबंध नाही.

इंडो-युरोपियन धातू (लॅटिनच्याही मागची शब्दांची मुळं), ध्वनिबदलाचे नियम वगैरे तूर्तास राहू द्या. आधी व्युत्पत्ती देणारा एखादा चांगला कोश हाताशी ठेवा आणि पुढचा शब्द म्हणून व्हिकारच घ्या.