मागावर कुत्रं घालताना

भाऊ, आयजीपीसारख्या, म्हणजे कामाच्या कुत्र्यांची कसोटी घेणाऱ्या खेळात लोक कुत्रं उतरवतात ते कपासाठी कमीच. जर्मन शेफर्ड ही जात कामासाठीच घडवलेली; काम मिळालं नाही की ते दार ओरबाडतं, येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकत राहतं. या खेळात माग (माणसाच्या पावलांचा वास हुंगत जाणं), आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग, प्रत्येकी १०० गुण. तुम्ही मागापासून सुरुवात करा.

नांगरून ढेकळं फुटलेलं रान बघा. कपाशीचं नको, फवारणीचं औषध नाकातोंडात जातं. उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याकडे दिवस उगवायच्या आतच उरका. कुत्रं उपाशी हवं. वाऱ्याकडे पाठ करून सरळ २०-३० पावलं एकमेकांना लागून टाका. प्रत्येक ठशात उकडलेल्या कोंबडीचा हरभऱ्याएवढा तुकडा, शेवटी मूठभर. पाच-दहा मिनिटांनी कुत्रं आणा. दोरी आखूड आणि खालून धरा. मान वर करून पळायला लागलं तर ओरडू नका, झटका तर अजिबात नको, नुसतं थांबा. बहुतेकदा तुकडे लांब लांब पडलेले असतात, नाहीतर समोरून वारा फिरलेला असतो आणि शेवटच्या ढिगाचा वास आधीच पोचलेला असतो.

वळणाची घाई नको. आयजीपीच्या पहिल्या पातळीला ३०० पावलं, दोन वळणं, मागावर टाकलेल्या दोन वस्तू आणि २० मिनिटं जुना माग असतो; तिथवर जायला महिने लागू द्या.