वाचकांचे प्रश्न : जानेवारीत चार दिवस ऊन खायला

प्रश्न : आम्ही ब्रिटनमध्ये रेडिंगला राहतो. जानेवारीअखेर मुलांना घेऊन चार दिवस समुद्राकाठच्या एखाद्या उबदार शहरात जायचा विचार आहे. स्पेनमधल्या मालागाचं विमान पावणेतीन तासांचं, तिकीटही स्वस्त. स्पेनच्याच कानारी बेटांपैकी ग्रान कानारियावरच्या लास पाल्मासला सव्वाचार तास लागतात आणि पैसे जास्त. मुलांना पाण्यात डुंबायचं आहे. मालागाचं तिकीट काढू का?

उत्तर : डुंबायचं असेल तर नको. मालागा जानेवारीत भटकायला झकास, पण तिथे दुपारी पारा 17 अंशांच्या आसपास असतो, रात्री 7-8 आणि पाणी 15-16 अंश. दोन मिनिटांत पोरं ओठ निळे करून बाहेर येतात. लास पाल्मासला दुपारी 20-21, रात्री 15 आणि पाणी साधारण 19. मुंबईकराला तेही गारच वाटेल, पण पोहता येतं. ग्रान कानारिया बेट 28 अक्षांशावर आहे, म्हणजे जवळपास दिल्लीच्या रेषेत. मालागा 36 च्याही वर. तरी दिल्लीची थंडी तिथे नाही, कारण चहूकडे समुद्र. जादा दीड तासाचे पैसे आपण याचेच मोजतो. शिवाय बेटांचं घड्याळ ब्रिटनच्या वेळेवर चालतं, मालागाचं एक तास पुढे.

आता लास पाल्मासची खोड. हे शहर बेटाच्या ईशान्य टोकाला आहे. वारा ईशान्येकडून येतो आणि मधल्या जवळजवळ दोन हजार मीटर उंचीच्या डोंगराला अडतो. ढग उत्तरेकडे साचतात, दक्षिणेकडचं मास्पालोमास कोरडं राहतं. महाबळेश्वर भिजतं आणि माण-खटाव तहानलेलं राहतं, तोच हिशेब. म्हणून सकाळी आकाश भरलेलं दिसलं तर खोलीत कुढत बसू नका. सांता कातालिना स्थानकावरून 30 नंबरची बस मास्पालोमासच्या दीपगृहापर्यंत जाते. तासाभरात उन्हात पोचाल. नुसतं ऊनच हवं असेल, तर मुक्कामच मास्पालोमासला करा. पण तिथे रिसॉर्टांची वस्ती आहे, शहर नाही.

शहरात राहिलात तर लास कांतेरास किनाऱ्याच्या उत्तरेकडच्या भागात खोली घ्या. किनारा तीनेक किलोमीटरचा. काठाला समांतर खडकाची एक लांब पट्टी आहे, तिला तिथे ‘ला बार्रा’ म्हणतात. लाट तिच्यावर फुटते आणि अलीकडचं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. ओहोटीला पट्टी उघडी पडते, तेव्हा लहान मुलांना पाण्यात सोडायला सगळ्यात बरं. दक्षिण टोकाला, ला सीसेरला, ही पट्टी नाही. तिथे वाळू काळी आणि लाटा मोठ्या. ती जागा सर्फिंगवाल्यांची. निघण्याआधी त्या चार दिवसांचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघून ठेवा. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरायचं नाही, पाणी कितीही शांत दिसो.

खोली ठरवताना लोक एक गोष्ट हमखास विसरतात : तिथल्या घरांत बहुधा हीटर नसतो. बाहेर 15 अंश चालून जातात, पण फरशीच्या बंद खोलीत तेच झोंबतात. दुपारचं ऊन येणारी खोली आणि जादा पांघरूण आधीच मागून घ्या.

विमानतळावरून 60 नंबरची बस शहरातल्या सान तेल्मो आणि सांता कातालिना स्थानकांना जाते. सांता कातालिनाला उतरलात की किनारा चालत दहा मिनिटांवर. बसला तिथे ‘ग्वाग्वा’ म्हणतात. मुलांना हा शब्द सांगा, चार दिवस दुसरं काही बोलणार नाहीत.

परतीचं विमान मात्र शाळेच्या आदल्या रात्रीचं घेऊ नका. हिवाळ्यात कधी कधी सहाराची धूळ उडत येते, तिला ‘कालिमा’ म्हणतात. फेब्रुवारी 2020 मध्ये या धुळीने बेटांवरचे विमानतळ बंद पाडले होते.

प्रश्न : माझा पासपोर्ट भारतीय, यजमानांचा आणि मुलांचा ब्रिटिश. त्याच सुमारास सासूबाई साताऱ्याहून ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर येतील. सगळ्यांना एकत्र जाता येईल का?

उत्तर : आधी सासूबाईंचं बघा. कानारी बेटं शेंगेनमध्येच, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातच येतात, तेव्हा व्हिसा त्यांनाही लागणार आणि तुम्हालाही. शेंगेनचा अर्ज राहत्या देशातून करायचा असतो. ब्रिटनमध्ये पाहुणे म्हणून आलेल्यांचा अर्ज इथे सहसा घेत नाहीत. त्यांनी निघण्यापूर्वी मुंबईहूनच व्हिसा काढावा. इथे आल्यावर बघू म्हटलंत, तर त्या रेडिंगलाच राहतील.

तुम्ही इथून अर्ज करू शकता : प्रवासाच्या सहा महिने आधीपासून, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. निर्णयाला 15 दिवस धरतात, पण 45 ही लागू शकतात. ऑक्टोबरातच अपॉइंटमेंट धरा. फी मोठ्यांना 90 युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा खर्च. विमा किमान 30,000 युरोंचा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी चालू हवा आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. ही अट यजमानांनाही आहे. 2018 पूर्वी काढलेल्या काही ब्रिटिश पासपोर्टांवर जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने जोडलेले असत. दहा वर्षांच्या अटीत ते धरत नाहीत. व्हिसा हातात पडेपर्यंत हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या.

दोन ठिकाणी माणसं अडकतात. काही स्वस्त विमान कंपन्या भारतीय पासपोर्टवाल्यांची कागदपत्रं काउंटरवर तपासल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. फोनवर बोर्डिंग पास आहे म्हणून थेट सिक्युरिटीकडे गेलात, तर गेटवरून परत पाठवतात. आणि नवा पासपोर्ट काढला असेल, तर ब्रिटनच्या ई-व्हिसाच्या (तिथे राहण्याच्या ऑनलाइन परवान्याच्या) खात्यात नवा नंबर भरा. नाहीतर परतीच्या वेळी लास पाल्मासला खोळंबाल.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. बरोबर काय न्यावं?

उत्तर : ब्रिटनहून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, पनीर, दही, पेढे घरीच ठेवा. चिवडा, मेतकूट, लोणचं चालेल. लोणचं मात्र हातातल्या बॅगेत नेण्याआधी विमानतळाची द्रवाची मर्यादा बघा. सिक्युरिटीवाले ते द्रवच धरतात. परतताना चीज आणायचा मोहही टाळा. ब्रिटनने एप्रिल 2025 पासून युरोपातून येणाऱ्या अशा वस्तूंवर बंदी घातली आहे.

तिथे खायला ‘पापास आरुगादास’ मागा. हे छोटे बटाटे भरपूर मिठाच्या पाण्यात सालासकट उकडतात आणि पाणी आटवतात, त्यामुळे साल सुरकुतते. सोबत ‘मोहो’ नावाची लसणाची चटणी, लाल किंवा हिरवी. सॅलडवर न सांगता ट्यूना घालतात आणि भाजीच्या सुपात डुकराचं मांस निघतं. म्हणून नुसतं ‘शाकाहारी’ न म्हणता ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’ (मांस नको, मासे नको, हॅम नको) असं सगळं सांगा. रात्रीचं जेवण आठच्या आधी सहसा मिळत नाही. मुलांसाठी सहाला काहीतरी पोटाला हवं, तेव्हा किचन असलेली खोली बरी.

सनस्क्रीन न्याच. जानेवारी असला तरी ते ऊन रेडिंगचं नाही.