सीएचबीचा अनुभव धरला नाही? मॅडम, माझंही हेच झालं होतं

मॅडम, तुमची पोस्ट दोनदा वाचली. 5 वर्षं सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर) लॉ कॉलेजात एव्हिडन्स, म्हणजे पुराव्याचा कायदा शिकवलात आणि प्राध्यापकाच्या मुलाखतीत कमिटी म्हणते विद्यापीठाची मान्यता कुठंय, हा अनुभव धरता येत नाही. हेच ऐकून मीपण एकदा बाहेर आलोय.

एलएलएम, सेट-नेट, पीएचडी ही पात्रता तुम्हाला माहितीच असणार, ते सोडतो. माझी घोडचूक म्हणजे 4 वर्षं दर जूनला नुसतं 'या सर, तास सुरू करा' एवढ्यावर शिकवत राहिलो, ना ऑर्डर हातात घेतली ना मान्यतेचा प्रस्ताव खरंच विद्यापीठात गेला का ते विचारलं. मग अनुभवाच्या दाखल्यासाठी तीन महिने हेलपाटे (कॉलेजचं नाव घेत नाही). शेवटी मिळाला तो लेटरहेडवर, सही आहे पण जावक क्रमांक नाही, तारखेत खाडाखोड. मस्टर दाखवा म्हटलं तर क्लार्क म्हणे वाळवी लागली. वर्गात जुन्या पुरावा कायद्याचं कलम 65, मूळ दस्त गहाळ झाला तर दुय्यम पुरावा कधी चालतो, यावर तासभर घसा फोडायचो आणि स्वतःकडे एक झेरॉक्स नाही! बायको अजून हसते.

तुम्ही खोतकर विरुद्ध गोरंट्याल (2020) हा खटला शिकवतच असाल. जालन्याची 2014 ची निवडणूक, उमेदवारी अर्ज दुपारी 3 नंतर आला का हा वाद, पुरावा म्हणजे निवडणूक ऑफिसचं व्हिडिओ शूटिंग, आणि 65ब चं सर्टिफिकेट (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागतं ते) अधिकारी देईनात. सुप्रीम कोर्टाने सर्टिफिकेट सक्तीचंच ठरवलं, पण ते मागणाऱ्या पार्टीला सूट मिळाली, का तर त्यांनी ते मिळवायला शक्य ते सगळं केलं होतं आणि ते रेकॉर्डवर होतं. मी काय केलं होतं? ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून चहा प्यायलो होतो. एक लेखी अर्ज नाही, पोच नाही.

तर उद्याच कॉलेजला दाखल्यासाठी लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या, घेत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट. मानधन जमा झालेलं पासबुक, टाइमटेबल, पेपर तपासणीच्या ऑर्डरी गोळा करा. यावर मान्यता मिळेलच असं नाही, विद्यापीठागणिक नियम वेगळे आणि मी सर्व्हिस मॅटरचा वकील नाही, तेवढं विचारून घ्या.

अवांतर: आठवड्यातून एकदा सेशन्स कोर्टात जाऊन बसा. पंच फितूर होताना एकदा बघितला की वर्गात नोट्स लागत नाहीत, आमच्यातले निम्मे प्राध्यापक कोर्टाची पायरी चढत नाहीत हे माझं स्पष्ट मत, कुणाला राग आला तर येऊ दे. आणि 1872 चा जुना पुरावा कायदा अडगळीत टाकू नका, 1 जुलै 2024 ला नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला तरी त्याआधीपासून चालू असलेले खटले जुन्यावरच चालतात, त्यामुळे जुन्याचं 65ब आणि नव्यातलं त्याच्या जागचं कलम 63 दोन्ही शिकवावं लागतंय. पोरं वैतागतात, मीपण.

पोच मिळाली की इथेच सांगा.