एमटेक-पीएचडीच्या पहिल्या वर्षी उपयोजित गणितातलं कोणतं तंत्र आधी शिकावं?
समीकरण नॉनडायमेन्शनल, म्हणजे एककांपासून मोकळं करायला आधी शिका. फूरिए, लाप्लास वगैरे रूपांतरं (समीकरण सोप्या रूपात बदलण्याच्या पद्धती) मागून आली तरी चालतील. लांबी, काळ, वेग यांना त्या प्रश्नाला साजेशा मापांनी भागलं की ढीगभर राशींच्या जागी दोन-तीन शुद्ध संख्या उरतात, आणि कोणतं पद नगण्य आहे ते कागदावरच दिसतं. नळीतल्या प्रवाहात घनता, वेग, व्यास आणि श्यानता (द्रवाचा दाटपणा) या चौघांचं काम एकटा रेनॉल्ड्स अंक करतो. एखादी संख्या लहान निघाली तर लगेच पर्टर्बेशन, म्हणजे सोप्या उत्तरात लहान-लहान दुरुस्त्या जोडत जाण्याची पद्धत, वापरता येतं: लंबकाला मध्यापासून २० अंशांचा झोका दिला तर शाळेतलं सूत्र आवर्तकाल सुमारे पाऊण टक्क्यानं कमी देतं, हे पहिल्याच दुरुस्तीत कळतं. (संगणकावर सोडवणार असाल तरी हे आधी कराच.) मात्र लहान संख्या सर्वांत वरच्या डेरिव्हेटिव्हचा गुणक असेल तर ती सरळ शून्य धरू नका. समीकरणाची कोटी (ऑर्डर) घटते आणि एखादी सीमा-अट, म्हणजे कडेला उत्तर किती असावं ही अट, पाळताच येत नाही. तिथे जर्मन शास्त्रज्ञ प्रांटलनं १९०४ मध्ये मांडलेल्या सीमास्तरासारखा (प्रवाहाचा पृष्ठभागालगतचा थर) पातळ थर वेगळा सोडवून बाहेरच्या उत्तराशी जुळवावा लागतो.