एकटीने बसू नका, ताई

ताई, 36 व्या वर्षी नीट, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, द्यायची म्हणून बिचकू नका. नीटची कमाल वयाची अट 2022 मध्येच गेली. पण एकटीने तयारी करू नका, हे कळकळीने सांगते. मी पहिलं वर्ष दार लावून काढलं. बायोलॉजी निभावली, फिजिक्सने रडवलं. मग अभ्यासिकेत जागा घेतली. तिथली पोरं आधी 'काकू' म्हणत लांबच राहायची. मी त्यांना वनस्पतिशास्त्र समजावलं, त्यांनी मला फिजिक्सची गणितं.

तरीही आपल्या वयाची एक जोडीदारीण शोधाच, नर्सिंग केलेली मिळाली तर उत्तम. सासूबाईंचं दुखणं नि मुलाची शाळा सांभाळून 180 प्रश्न सोडवणं म्हणजे काय, हे तिलाच कळेल. रविवारी दोघी घड्याळ लावून तीन तास पेपर सोडवा, मग चुका एकमेकींना मोठ्याने समजावा.